कुठल्या पेशात अद्ययावत राहणं सगळ्यात जड?

तारतम्य
संगणकवाल्यांशी पाच मिनिटं बोला, "आमच्यात दर सहा महिन्यांनी सगळं बदलतं" हे वाक्य येतंच. डॉक्टर तेच म्हणतात, हिशेबवाले तेच म्हणतात. आता सगळ्यांचंच सगळ्यात अवघड कसं असेल? म्हणून हा धागा.

नुसतं "खूप बदलतं हो" नको. काय बदललं, त्याने हातातलं काम नेमकं कसं बदललं आणि जुन्याच पद्धतीने केलं तर काय बिघडतं, एवढं सांगा. स्वतःच्या नोकरीच्या कहाण्यांना दुसरे धागे आहेत.

माझी क्रमवारी अशी, हवी तशी फोडा: १. वैद्यक, २. सॉफ्टवेअर, ३. हिशेब आणि कायदा, ४. शिक्षक, ५. हातकामाचे धंदे (वायरमन, एसी, गॅरेज, सुतारकाम). शेवटच्या गटात एकदा हात बसला की जन्मभर पुरतो, असा माझा समज आहे.

शून्यएक
दुसरा क्रमांक दिलात, आभार, पण आम्हाला तो शोभत नाही. आमच्याकडे नावं भराभर बदलतात, जोतं फारसं हलत नाही. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, १९७०च्या दशकातली, आजही रोज लागते. आणि जे बदलतं ते दवंडी पिटून बदलतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली, पायथन २ बंद झालं १ जानेवारी २०२०ला. अकरा वर्षं मिळाली! शिवाय नव्या आवृत्तीत प्रिंट या आज्ञेला लागणारे कंस विसरलात तर यंत्र स्वतःच ओरडून सांगतं. अशी सोय किती पेशांत आहे?

डोकेदुखी आहे ती दोन ठिकाणी. एक, दुरुस्त्या मिळण्याची मुदत. कुबरनेटीसच्या (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिनेच दुरुस्त्या मिळतात. दीड वर्ष हात लावला नाही की एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारता येत नाही, मधली प्रत्येक आवृत्ती चढावी लागते. त्यात मध्येच कुठे तरी पायरीच काढून टाकलेली असते. १.२२मध्ये इन्ग्रेसचं (बाहेरची रहदारी आत वळवणारा भाग) जुनं बीटा रूप गेलं, १.२५मध्ये पॉडसिक्युरिटीपॉलिसी (प्रोग्रॅमला काय करू द्यायचं याचे नियम) गेली. म्हणजे आधी आपल्या यामल (मांडणीच्या) फाइली बदलायच्या, मग क्लस्टर (सर्व्हरचा संच) नव्या आवृत्तीवर चढवायचा. हा क्रम उलटा झाला की पुढची डिप्लॉयमेंट (प्रोग्रॅम बसवणं) अडकते.

दुसरं म्हणजे दुसऱ्याच्या पोटातला माल. डिसेंबर २०२१चं लॉगफोरजे आठवा, जावा प्रोग्रॅमांत नोंदी लिहिणाऱ्या या लायब्ररीत (तयार कोडच्या गठ्ठ्यात) मोठं भोक सापडलं होतं. दुरुस्ती लगेच आली (खरं तर लागोपाठ आल्या: २.१५, मग ती पुरेशी नाही म्हणून २.१६, मग २.१७). वेळ गेला तो "हे आपल्याकडे आहे का" हे शोधण्यात. कित्येकांनी ते थेट घेतलंच नव्हतं. घेतलेल्या लायब्ररीने घेतलेल्या लायब्ररीत, जार फाइलच्या आतल्या जार फाइलमध्ये ते बसलेलं होतं.

नुसता_वाचक
दर सहा महिन्यांनी सगळं बदलणाऱ्या क्षेत्रात १९७०च्या दशकातली भाषा. नोंद घेतली.

गारवा
हातकाम पाचवं? बरं. एसी-फ्रिजच्या कामात गेल्या काही दशकांत काय काय झालं ते ऐका.

पूर्वी थंडाव्याचे गॅस आर-१२ आणि आर-२२. ओझोनमुळे १९८७चा माँट्रियल करार झाला आणि आर-१२ आधी गेला, आर-२२ हळूहळू. त्या जागी आर-४१०ए आला. तो ओझोनला खात नाही, पण वातावरण तापवतो, म्हणून त्याच कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीनंतर त्यालाही उतरती कळा. आता आर-३२ आणि आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. बाहेरून बघणाऱ्याला पाचही "गॅस भरणे". आत मात्र एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

दाब घ्या. ४० अंश सेल्सिअसला आर-२२चा दाब साधारण १५ बार, आर-४१०एचा २४च्या आसपास. जुने गेज आणि होज त्यावर लावले तर काटा संपतो आणि होज फुटायची पाळी येते. तेल घ्या. आर-२२मध्ये खनिज तेल चालायचं, आर-४१०ए आणि आर-३२मध्ये ते मिसळत नाही. ते पाइपात आणि इव्हॅपोरेटरमध्ये पडून राहतं, कॉम्प्रेसरकडे परतत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो. म्हणून पीओई हे कृत्रिम तेल आलं. ते हवेतली ओल शोषून घेतं. डबा उघडा ठेवला की वाया.

इथून खरी पद्धत बदलली. "पाच मिनिटं पंप लावला, झालं" आता चालत नाही. आधी नायट्रोजन भरून गळती बघायची. मग मायक्रॉन गेज (अगदी बारीक व्हॅक्यूम मोजणारं) लावून ५०० मायक्रॉनच्या खाली व्हॅक्यूम न्यायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दहा मिनिटं गेजकडे बघत बसायचं. काटा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती आहे. मॅनिफोल्डचा साधा घड्याळी गेज हे दाखवूच शकत नाही, त्याच्यावर दोन्ही वेळा सुई तळालाच.

मग भरणं. आर-४१०ए दोन गॅसचं मिश्रण, म्हणून सिलिंडरमधून द्रवरूपात काढायचा. आर-२९० जुन्या अंदाजाने भरला तर घोटाळा, वजनाने तो आर-२२च्या निम्म्याहूनही कमी लागतो, म्हणून काट्यावर मोजूनच. आणि तो पेटतो. आर-३२ही पेटतो, कमी जोमाने. म्हणजे टॉर्च लावण्याआधी गॅस काढून घ्या, लाइन नायट्रोजनने धुवा, पंप आणि रिकव्हरी मशीन ठिणगी न टाकणारं वापरा.

कशातही "एकदा बसलेला हात" कामाचा नाही. उलट तोच घात करतो.

शून्यएक
गारवा, माहितीपूर्ण. पण एक शंका. हे चार बदल तीस-चाळीस वर्षांत झाले. दहा वर्षांतून एकदा शिकायचं म्हणजे तसं निवांतच की.

गारवा
शिकायला निवांत, मान्य. पण तुम्ही पायथन २ टाकून दिलंत ना? मला आर-२२ टाकता येत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवलेलं मशीन अजून भिंतीवर आहे. सकाळी आर-२२, दुपारी आर-३२. गेज, तेल, होज, सगळं दुहेरी. आणि तुमचं यंत्र ओरडतं म्हणालात. माझं ओरडत नाही. चुकीचं तेल घातलं तरी त्या दिवशी थंड हवा येते, कॉम्प्रेसर काही महिन्यांनी जातो.

खतावणी
गारवांनी नेमकी नस पकडली. जुनं टाकता येतं का, हाच प्रश्न पहिला विचारायला हवा. हिशेबात ते टाकता येत नाही. २०१५ सालचं प्रकरण आज उघडलं तरी त्याला नियम २०१५चेच लागतात. म्हणजे डोक्यात एक कायदा नसतो, वर्षागणिक थर असतात. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथे: आजचा दर, आजची मर्यादा जुन्या वर्षाला लावून मोकळा होतो.

एक उदाहरण जवळून. आयएफआरएस १६ (भाडेकरारांचं आंतरराष्ट्रीय हिशेब मानक), १ जानेवारी २०१९पासून. त्याआधी भाड्याच्या बऱ्याच करारांचं भाडं सरळ खर्चात जायचं, ताळेबंदात त्याचा पत्ता नसायचा. आता बारा महिन्यांपर्यंतचे आणि किरकोळ किमतीच्या वस्तूंचे करार वगळता येतात, बाकी सगळे ताळेबंदात. समजा पाच वर्षांचा करार, दर वर्षअखेरीला १०० भाडं, व्याजदर १० टक्के. सगळ्या हप्त्यांची आजची किंमत ३७९. तेवढं देणं एका बाजूला आणि तेवढाच "वापराचा हक्क" दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षी व्याज ३७.९ आणि घसारा ७५.८, मिळून ११३.७. पाचव्या वर्षी व्याज ९.१ आणि घसारा तोच, मिळून ८४.९. पाच वर्षांची बेरीज पाचशेच, पण पहिल्या वर्षी नफा घटतो आणि शेवटी वाढतो. धंद्यात तसूभर फरक नाही, कर्ज मात्र रातोरात "वाढतं". बँकेशी केलेल्या करारात कर्ज-भांडवल प्रमाणाची अट असेल तर ती काहीही न करता मोडू शकते. मागे पडलेल्या हिशेबनीसाला हे बँकेचं पत्र आल्यावर कळतं.

पुढचं आत्ताच लिहून ठेवा: आयएफआरएस १८ (आर्थिक पत्रकांच्या मांडणीचं), १ जानेवारी २०२७पासून. तुलनेसाठी २०२६चे आकडेही नव्या साच्यात मांडावे लागणार. म्हणजे काम सुरू एक वर्ष आधी.

नुसता_वाचक
धागा वाचतोय की परीक्षेला बसलोय?

नाडीपरीक्षा
पहिला क्रमांक मिळाला आहे तर बोलायला हवं. वैद्यकशास्त्रात वर्षाला दहा लाखांहून जास्त शोधनिबंधांची नोंद होते. ते वाचणं कुणालाच शक्य नाही आणि तशी गरजही नाही. नव्याची भर घालणं त्यामानाने सोपं असतं. ज्यावर हाताचा आणि मनाचा विश्वास बसला आहे ते सोडणं खरं अवघड.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर ईसीजीवर मधूनमधून चुकार ठोके दिसतात. असे ठोके असलेले रुग्ण जास्त दगावतात हे माहीत होतं. म्हणून ते ठोके दाबणारी औषधं द्यायची, तर्क अगदी सरळ. १९८९मध्ये कास्ट चाचणीचे निष्कर्ष आले. एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड घेणाऱ्यांचे ठोके सुधारले आणि मृत्यू वाढले. कागद सुधारतोय, माणूस जातोय.

याच्या उलटही घडलं. हृदय कमजोर झालेल्याला बीटा-ब्लॉकर देऊ नये, कारण ते हृदयाचा जोर कमी करतं, हे पूर्वी पाठ असायचं. १९९९पर्यंत मोठ्या चाचण्यांनी ते उलटं केलं. तेच औषध आज उपचाराचा एक खांब आहे. पण कसं द्यायचं ते नीट कळलं नाही तर जुनी भीती खरी ठरते: बिसोप्रोलॉल (त्यातलंच एक) १.२५ मिलिग्रॅमपासून, निदान दोन आठवडे थांबून दुप्पट, सोसेल तसं १० मिलिग्रॅमपर्यंत. पायाला सूज, फुप्फुसात पाणी अशा अवस्थेत सुरू करायचं नाही, आधी ते पाणी उतरवायचं. अर्धवट अद्ययावत माणूस पूर्ण डोस पहिल्याच दिवशी देतो.

आणि वेळेच्या खिडक्या. मेंदूतल्या गुठळीवर औषध देण्याची मुदत १९९५मध्ये ३ तास होती, २००८च्या चाचणीनंतर ४.५ तास. २०१५मध्ये मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढणं ६ तासांपर्यंत सिद्ध झालं, २०१८मध्ये निवडक रुग्णांत, स्कॅन बघून, २४ तासांपर्यंत. "सहा तास उलटून गेले, आता काही नाही" हे वाक्य २०१६मध्ये बरोबर होतं. २०१९मध्ये तेच वाक्य म्हणणारा डॉक्टर एखाद्याचा हात-पाय कायमचा घालवतो, आणि त्याला ते कळतही नाही, कारण रुग्णाचे नातेवाईकही मान डोलावतात.

तारतम्य
"त्याला ते कळतही नाही" हे गारवांच्या कॉम्प्रेसरसारखंच झालं. माझ्या यादीत हा रकाना नव्हता.

फ्यूज_वायर
यादीत बरंच काही नव्हतं. वायरिंगमध्ये ज्ञान मागे पडलं तर शॉक बसतो, सरळ हिशेब.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे तीन फेज लाल, पिवळी, निळी आणि न्यूट्रल काळी होती. २००४पासून युरोपशी जुळणारे रंग आले, एप्रिल २००६पासून नव्या कामाला सक्तीचे: फेज तपकिरी, काळी, करडी आणि न्यूट्रल निळी. पुन्हा वाचा. काळी न्यूट्रल होती ती फेज झाली. निळी फेज होती ती न्यूट्रल झाली. नुसते नवे रंग आले असते तर शिकता आले असते, इथे दोन रंगांनी जागा बदलल्या. एकाच इमारतीत जुनं काम आणि नवं काम शेजारी असेल तर बोर्डावर इशाऱ्याची पट्टी लावायचा नियम आला. पण छतातल्या जंक्शन बॉक्सवर पट्टी कोण लावतं?

दुसरं, आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडून लाइन तोडणारा स्विच. तीस मिलिअँपिअरचा लावला, गळती झाली की पडतो, विषय संपला, असं होतं. आता घरात इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर आला. त्यात बिघाड झाला तर गुळगुळीत डीसी गळती होऊ शकते. साध्या एसी प्रकारच्या आरसीसीबीच्या आतली कॉइल बदलत्या प्रवाहावर चालते. डीसीने तिचा गाभा भरून जातो आणि मग खऱ्या एसी गळतीलाही ती जागची हलत नाही. म्हणजे गाडीच्या चार्जरने बाकीच्यांचं संरक्षण आंधळं केलं. उपाय दोन: बी प्रकारचा आरसीसीबी, किंवा ए प्रकारचा आणि सोबत ६ मिलिअँपिअर डीसीवर तोडणारी सोय. ती काही चार्जरमध्ये आतच असते, काहींत नसते. चार्जरचं पत्रक वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

गंमत म्हणजे टेस्ट बटण दाबलं की जुना आरसीसीबी झकास पडतो. त्या क्षणी डीसी गळती नसते ना. तपासणी पास, संरक्षण नापास.

पाना_दहाबारा
गॅरेजही त्यात घाला. पुढची काच बदलणं म्हणजे पूर्वी रबर, गोंद आणि दोन माणसं. आता काचेमागे कॅमेरा असतो, तो लेनवर नजर ठेवतो, कधी ब्रेकही मारतो. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन हवं: सपाट जमीन, टायरमध्ये हवा बरोबर, ठरलेल्या अंतरावर ठरलेल्या उंचीचा फलक. एका अंशाची चूक ५० मीटरवर ८७ सेंटिमीटर होते. एवढ्यात पुढची गाडी शेजारच्या लेनकडे सरकलेली दिसते.

उतरती_धावपट्टी
सगळे एकाच दिशेने चाललेत म्हणून उलटी बाजू मांडतो. विमानवाहतुकीत बदल प्रचंड, पण अद्ययावत राहणं त्यामानाने सोपं. कारण तिथे ते कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. नकाशे, मार्ग, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी यांतले ठरवून केलेले बदल जगभर एकाच दिनदर्शिकेने लागू होतात, दर २८ दिवसांनी, वर्षाला तेरा वेळा. मधले तातडीचे बदल नोटॅम या सूचनापत्रकाने. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा ही विमान कंपन्यांत सर्रास पद्धत. ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झाल्या नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. मागे पडलेला वैमानिक कॉकपिटपर्यंत पोचतच नाही.

तरीही मजा बघा, धावपट्टीचं नावसुद्धा बदलतं.

नुसता_वाचक
धावपट्टीचं नाव?? हे सविस्तर येऊ द्या, मूळ विषय गेला उडत.

उतरती_धावपट्टी
धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, जवळच्या दहाच्या पटीत, शेवटचं शून्य काढून. २२० अंशांची धावपट्टी म्हणजे २२, उलट टोकाने ०४. पण चुंबकीय उत्तर सरकत असते. पट्टी जागची हलत नाही, होकायंत्रातला तिचा आकडा मात्र वर्षानुवर्षं थोडा थोडा बदलतो आणि एक दिवस पलीकडच्या दहाला जवळ जातो. लंडनच्या स्टॅनस्टेडला २००९मध्ये ०५/२३ची ०४/२२ झाली, अमेरिकेत टँपाला २०११मध्ये एका पट्टीची १८/३६ची १९/०१. नुसता रंग फासून भागत नाही. फलक, नकाशे, उपकरणांचे कोड, विमानाच्या संगणकातला डेटा, सगळं एकाच दिवशी. चुंबकीय क्षेत्राचं जागतिक प्रारूप दर पाच वर्षांनी नवं निघतं, पण २०१९मध्ये सरकणं इतकं वाढलं होतं की ते मध्येच सुधारावं लागलं.

नुसता_वाचक
पृथ्वीसुद्धा अपडेट पाठवते तर. धन्य.

किल्ली_हरवली
एका मुद्द्याला कोणी हात लावला नाही. इतरांच्या पेशात बदल होतात. संगणक सुरक्षेत समोर माणूस बसलेला असतो आणि तुम्ही शिकलात हे बघून तो बदलतो. एमडी५ ही फाइलचा ठसा काढायची पद्धत २००४ला मोडली, तशाच शा-१मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा निघतो हे २०१७मध्ये प्रत्यक्ष दाखवलं. क्वांटम संगणक अजून तेवढा मोठा झालेला नाही, तरी त्याला पुरून उरतील अशा सांकेतिक पद्धतींची पहिली तीन मानकं अमेरिकेने ऑगस्ट २०२४मध्ये काढली, कारण आज चोरून साठवलेलं उद्या उघडता येईल.

आणि सल्लेही उलटतात. "दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला" हे वर्षानुवर्षं सांगितलं. त्याचा परिणाम असा की लोक शेवटचा १ काढून २ घालतात. २०१७मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनेच सांगितलं की ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच लावा. तपासणीच्या यादीत मात्र ९० दिवसांची ओळ कित्येक ठिकाणी तशीच.

आता सर्टिफिकेट, म्हणजे संकेतस्थळाची ओळख पटवणारा दाखला, आणि त्याची मुदत. २०२०पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस. १५ मार्च २०२६पासून २००, २०२७च्या मार्चपासून १००, २०२९च्या मार्चपासून ४७. वहीत तारीख लिहून हाताने बदलणाऱ्याला ४७ दिवस झेपणार नाहीत, एसीएमई (आपोआप नवं घेण्याची पद्धत) लावून यंत्राकडेच द्यावं लागणार. आणि ते यंत्र गप्प बसलं तर कळावं म्हणून संपण्याआधी दोन आठवडे बोंब मारणारी दुसरी सोय वेगळ्या जागी ठेवावी लागणार.

नाडीपरीक्षा
"समोरचा शिकतो" यावर हक्क सांगू नका. आमचे जंतू तेच करतात, पगार न घेता.

किल्ली_हरवली
मान्य. पण तुमचा जंतू रात्री बसून तुमचं मार्गदर्शक पुस्तक वाचत नाही.

खडू_फळा
चौथ्या क्रमांकावरून एक ओळ. पायथागोरस बदलत नाही, म्हणून गणितवाले निवांत. विज्ञानात २००६ला प्लूटो ग्रहांतून गेला, २०१६ला आवर्तसारणीची सातवी ओळ नावांसकट पूर्ण झाली, २० मे २०१९ला किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून प्लांकच्या स्थिरांकावर गेली. हे सगळं एका तासात शिकून होतं. शिक्षकाचं खरं ओझं विषयाचं नाही, घरी लिहून आणलेला निबंध कोणी लिहिला ते ओळखता येत नाही याचं आहे. मूल्यमापन वर्गातच करायचं, मसुदे टप्प्याटप्प्याने मागायचे, तोंडी दोन प्रश्न विचारायचे. चाळीस मुलं गुणिले तीन मिनिटं, म्हणजे दोन तास. तो वेळ वेळापत्रकात कुठे आहे?

रंधा
सुताराला यादीत शेवटी बसवलंत, आनंद आहे. लाकूड अपडेट मागत नाही. रेषेला आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही, हजार वर्षांपूर्वीही असंच. फळीच्या टेबलाला सगळीकडून गोंद लावून आवळलं तर तेव्हाही तडकायचं, आजही तडकतं.

नाडीपरीक्षा
रंधा, एवढे निवांत राहू नका. लाकडाचा भुसा हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्येच जाहीर केलं, मुख्यतः नाक आणि सायनसच्या कर्करोगासाठी. प्लायच्या गोंदातलं फॉर्मल्डिहाइडही २००४मध्ये त्याच गटात गेलं. कार्यशाळेत झाडू मारता की व्हॅक्यूम?

रंधा
झाडू. (मारत होतो, असं वाचावं.)

नाडीपरीक्षा
कोरड्या झाडूने सगळ्यात बारीक, म्हणजे सगळ्यात वाईट धूळ पुन्हा नाकाशी येते. बारीक धुळीचा फिल्टर असलेला व्हॅक्यूम थेट सँडरलाच जोडा, आणि मास्क पॉलिश पेपर मारून संपला की लगेच काढू नका, धूळ बराच वेळ हवेत तरंगते.

पुरवणी_यादी
कायद्याबद्दल खतावणींनी बरंचसं सांगितलंच आहे. एकच भर: कायद्याचं कलम बदललं तर निदान छापून येतं. न्यायनिवाडा फिरवला गेला तर जुन्या निवाड्याच्या कागदावर काहीच उमटत नाही, तो पूर्वीसारखाच ठणठणीत दिसतो. म्हणून निवाडा वापरण्याआधी तो नंतर कुठे कुठे उद्धृत झाला आणि तिथे मान्य झाला की नाकारला हे उलट दिशेने शोधायचं. हल्ली त्यात नवी भानगड, एआयने रचलेले निवाडे. नाव, वर्ष, पान, सगळं आहे, निवाडाच नाही. मूळ प्रत डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही वापरायचा नाही.

तारतम्य
माझी क्रमवारी मोडीत काढलीत, छान झालं. आता नव्याने मांडतो. बदलाच्या वेगाचा रकाना खोडला. त्याऐवजी दोन: जुनं टाकून देता येतं का, आणि चूक झाली तर ओरडतं कोण. त्या हिशेबाने:

सगळ्यात जड वैद्यक आणि वायरिंग-एसी, एकाच पायरीवर. जुनं टाकता येत नाही, चूक गप्प असते. मग हिशेब आणि कायदा: जुनं टाकता येत नाही, पण समोरचा वकील किंवा लेखापरीक्षक ओरडतो, उशिरा का होईना. मग सुरक्षा. मग सॉफ्टवेअर, वेग असूनही खाली, कारण यंत्र ओरडतं. वैमानिक शेवटी, कारण व्यवस्थाच मागे पडू देत नाही. सुतार यादीबाहेर, झाडू सोडेपर्यंत.

शून्यएक
यंत्र ओरडतं हे माझंच वाक्य, पण जरा आवरतो. वेळेच्या पट्ट्यांचं घ्या. मेक्सिकोने २०२२मध्ये बहुतेक भागातलं उन्हाळी घड्याळ बंद केलं. ज्या सर्व्हरवर टीझेडडेटा (जगभरच्या वेळांची यादी) जुना राहिला तिथे पुढच्या उन्हाळ्यात बैठका एक तास सरकल्या. प्रोग्रॅम चालू, चुकीचा संदेश नाही, वेळ मात्र चुकीची. आमच्यातही गप्प चुका आहेत.

खतावणी
तारतम्य, सुरक्षा आमच्या खाली का? घुसलेला चोर तर मुद्दामच गप्प बसतो.

तारतम्य
हे पटलं. सुरक्षा एक पायरी वर. वायरिंगवाल्यांना वर चढवलंय, यावर कोणाचा आक्षेप?

पाना_दहाबारा
गॅरेजला विसरलात. इलेक्ट्रिक गाडीत सर्व्हिस प्लग (बॅटरी तोडणारा) काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट काही मिनिटं राहतात. कंपनीने दिलेला वेळ थांबायचं, १००० व्होल्टचे हातमोजे तोंडाशी गुंडाळून हवा कोंडून भोक तपासायचं, आणि मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. हे पेट्रोलच्या गाडीवर शिकलेल्या हाताला कुठून माहीत असणार?

नुसता_वाचक
सगळं वाचून एकच प्रश्न उरला. छतातल्या खोक्यात काळी वायर दिसली आणि पट्टी नाही. ती फेज की न्यूट्रल?

फ्यूज_वायर
रंगावरून सांगता येत नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या, निऑनचा पेचकस नको. टेस्टर आधी माहीत असलेल्या चालू लाइनवर लावून बघा की तो दाखवतोय. मग मेन बंद करून, ती चुकून कोणी सुरू करू नये म्हणून कुलूप लावून, खोक्यातल्या प्रत्येक वायरवर, अर्थिंगशी आणि एकमेकींशी. मग पुन्हा त्या चालू लाइनवर, टेस्टर मध्येच मेला नाही ना हे बघायला. कुठेच काही आलं नाही तर हात घाला, आणि कुठली वायर कुठे जाते ते कंटिन्युइटीने (वायर अखंड आहे का ते मीटरवर बघून) बोर्डापर्यंत शोधा. सापडलं की टोकाला तपकिरी किंवा निळी टेप गुंडाळा, पुढच्यासाठी.

नुसता_वाचक
वायरमनला फोन करतो.

फ्यूज_वायर
तेही चालेल. तो येऊन आधी टेस्टर तपासतो का, एवढं बघा.